रंग बाहेर, नाव आत

काकांच्या फाटकातून लहान लेकरू तपासणी झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. मग ते भाडेकरूचं असो, समोरच्या घरातलं असो, नाहीतर चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांचं असो. माणसं नटूनथटून निघालेली, रस्त्यावर ऑटो उभी, ऑटोवाला हॉर्न मारतोय, आणि काका पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून फाटकात आडवे. लेकराला ते काही विचारायचे नाहीत. आधी आईबापाला. "पाठ फिरवा. आता बोला, बच्च्याने काय घातलंय?"

बायका थोडंफार सांगायच्या. फ्रॉकचा रंग सांगतील, रिबन सांगतील, चपलेपाशी अडकतील. बापांची गाडी तर शर्टाच्या पुढे जायचीच नाही. समोर मिठाईच्या दुकानात बसणारा एक जण राहायचा, त्याला सगळी गल्ली भियाच म्हणायची. तो दर वेळी हसून म्हणायचा, काका, अपना ही बच्चा है, पहचान लेंगे. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "तू तर पहचान लेशील रे भिया. पण पहचानायचं पुलिसवाल्याला आहे. त्याला काय सांगशील, गोरा-गोरा है, प्यारा-सा है?" मग भियाच्याच मोबाईलवर लेकराचा फोटो काढायला लावायचे, डोक्यापासून पायापर्यंत, चप्पल दिसली पाहिजे असा. घरातून निघताना रोज नवा. कालचा चालत नसे. काल काय घातलं होतं ते हरवलेल्या लेकराच्या काय कामाचं, म्हणायचे.

हे सगळं मी ‘असायचं’, ‘म्हणायचे’ असं लिहितेय, म्हणून कुणाला वाटेल काका वारले. नाहीत वारले. मी वरच्या खोलीत हे लिहितेय आणि खाली त्यांच्या खोकल्याचा आवाज येतोय. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की असंच उमटतं.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि पोरीला तिकडं पाठवायला घरी कुणी तयार नव्हतं. औंढ्याकडचं गाव सोडून मी इंदुरात आले ती लग्नानंतर, यांच्या मागं. हे सांवेर रोडला शेवेच्या कारखान्यात. घरात फोन एकच, तो यांच्या खिशात, आणि कामावर गेलं की तोही गेटवर जमा करून घेतात. आमची श्रावणी तेव्हा तीन वर्षांची होऊन गेलेली, पण बोलत नव्हती. ‘माय’ म्हणायची, ‘पाणी’ म्हणायची, बस. डॉक्टर म्हणाले, बोलेल, काही मुलं उशिरा बोलतात. त्यांचं खरं असेल, पण माझा जीव थाऱ्यावर नसायचा. गावाकडं मुकं लेकरू हरवलं तरी त्याच्या नाकावरून लोक सांगतात कुणाचं आहे ते. इथं बाजारात माझं बोट सुटलं तर तिनं काय सांगायचं? मला माझाच पत्ता धड सांगता येत नव्हता. माझं हिंदी ऐकून भाजीवाला हसायचा आणि बाजूच्यालाही ऐकवायचा.

अन्नपूर्णेच्या मंदिरामागं काकांचं घर. खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. श्रावणीकडं वाकून बघत म्हणाले, "हिला पूरा नाव सांगता येतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, खोली गेली.

"मग तर पट्टी लागेल," असं म्हणून ते आत गेले आणि सुई-दोरा, कात्री घेऊन बाहेर आले. खोली आम्हाला मिळाली होती हे मला नंतर कळलं.

पट्टी म्हणजे दोन बोटं रुंद पांढरी फीत. त्यावर धोबी कपड्यांना खूण करतात त्या पक्क्या शाईनं लेकराचं नाव आणि फोन नंबर. काका स्वतः जाड चष्मा लावून ती फीत कॉलरच्या आत, मानेला लागणार नाही अशी शिवून द्यायचे. बाहेरून काही दिसायचं नाही. गल्लीतल्या एका बाईनं हौसेनं पोराच्या टी-शर्टावर नाव छापून आणलं होतं, पाठीवर, मोठ्या अक्षरात, तर काकांनी तिला अख्ख्या गल्लीसमोर झापलं. बाहेर नाव वाचून कुणीही हाक मारेल, पोर म्हणेल ओळखीचा आहे, आणि जाईल मागे. "रंग बाहेर, नाव आत," हे त्यांचं वाक्य. रंग म्हणजे त्यांनी कपडा मार्केटातून आणलेला पोपटी कापडाचा एक भयंकर तागा होता. गर्दीत जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या डोक्याला त्याचा रुमाल. पोरं रडायची, आयांचं तोंड उतरायचं, नवीन ड्रेसवर हे काय. काका म्हणायचे, "शोभत नाही तेच तर पाहिजे. शोभेल असं तर सगळेच घालून येतात."

श्रावणीच्या पट्टीवर काकांनी नंबर घातला तो स्वतःचा. "तुमचा फोन तर कारखान्याच्या गेटवर पडलेला. माझा माझ्या खिशात असतो." या शहरात माझ्या लेकीचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं, शाळेत नाही, दवाखान्याच्या कार्डावरही ‘बेबी’ लिहिलेलं. त्या फितीवर ते पहिल्यांदा लिहिलं गेलं. मी ते बोटानं चाचपून बघायचे.

काका विजेच्या खात्यात मीटर वाचायला होते. वाडवडील होळकरांच्या फौजेतून इथं आलेले, असं सांगायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यामुळं लोकांनी आपापल्या मनानं गोष्टी रचल्या होत्या. कुणी म्हणे यांचा धाकटा भाऊ उज्जैनच्या सिंहस्थात हरवला. कुणी म्हणे, यांना मुलगीच होती, ती हरवली. मी एकदा धीर करून विचारलं. ते चकित झाले. म्हणाले, "माझं काहीच हरवलं नाही बेटा. हरवल्यावरच सांभाळायचं असतं का?"

एका वर्षी मोहल्ल्याच्या नवरात्राच्या मांडवात त्यांनी हरवलेल्या मुलांसाठी टेबल लावून मागितलं. मंडळाच्या पोरांनी माईक पण दिला. पहिल्या दिवशी ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी एका पोराचे वडील खूप उशिरा आले, तोवर ते गरब्याचा व्हिडिओ काढत होते. काकांनी माईकवरून सगळ्यांना ऐकवलं की कत्थई हाफपँटवाल्या मुलाच्या वडिलांना मुलगा सापडला आहे, मुलाला वडील अजून सापडायचे आहेत. लोक हसले, वडील तापले, आणि माईक गेला. काका म्हणाले, माईक गेला तर गेला, टेबल तर आहे. मग टेबलही गेलं. तेव्हापासून ते गर्दीत नुसतेच उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून, खाली बघत. माणसं मेळ्यात वर बघतात, पाळणे, दिवे, देवी. काका माणसांच्या गुडघ्यांएवढ्या उंचीवर बघायचे.

त्याच नवरात्रात श्रावणी हरवली. मी ओटी भरायला वाकले आणि उठले तर बोट नाही. त्या वेळात माझं काय झालं ते मी सांगू शकणार नाही. मला तिचं नाव ओरडता येत होतं, पण तिला ओ देता येत नव्हती. मंदिराच्या बाहेर बांगड्यांची गाडी लावणारी एक म्हातारी होती, तिनं पोपटी रुमाल बघितला, कॉलर उलटली, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरून नंबर लावला. काका श्रावणीला खांद्यावर घेऊन माझ्याकडं चालत येताना दिसले. मी त्यांच्या पाया पडले तर पाय मागे घेऊन म्हणाले, "चप्पल एकच आहे हिच्या पायात. आधी दुसरी शोध."

इतकं देणं आहे त्यांचं माझ्यावर. म्हणून पुढचं लिहिताना हात चालत नाही.

चैत्रात हातोदच्या पुढच्या एका गावात देवीची जत्रा भरते. काकांचं दर वर्षी जाणं असायचं. यांना सुटी नव्हती, म्हणून मी आणि श्रावणी काकांबरोबर बसनं गेलो. त्या दिवसांत लोकांच्या फोनवर फिरत होतं की मुलं पळवणारी टोळी आली आहे, भल्या माणसाच्या वेषात येतात, आधी मुलांवर निशाणी करून ठेवतात, मग उचलतात. काकांनाही आलेलं. त्यांनी ‘फालतू’ म्हणून पुसून टाकलेलं.

पाळण्याजवळ एक पोरगा उभा होता, लाल शर्ट, नाक वाहतंय, तोंड वर करून रडतोय. काकांनी आजूबाजूच्या सगळ्यांना विचारलं. कुणाचा नव्हता. मग ते त्याच्यापुढं गुडघ्यावर बसले, काहीतरी बोलले, आणि दोन बोटांनी त्याची कॉलर उलटून बघितली. माझ्याकडं वळून म्हणाले, "कोरा आहे बेटा." त्याला कुणी जेवायलाच घातलं नाही, असं म्हणावं तसं म्हणाले. मग त्याला उचललं आणि पोलिसांचा तंबू होता तिकडं चालू लागले. पोरगा गप्प झाला. त्यानं काकांच्या गळ्यात हात टाकले.

मागून एक बाई ओरडली, बच्चा किसका है, कहाँ ले जा रहे हो.

काका थांबले आणि खरं ते बोलले. "पता नहीं किसका है."

पहिला फटका कुणी मारला ते मी पाहिलं नाही. पोरगा कुणीतरी ओढून घेतला होता आणि काका खाली होते. मी मधे घुसले, ओरडत होते, पण मराठीत ओरडत होते. एकाचं लक्ष श्रावणीकडं गेलं. और ये बच्ची? मी म्हटलं, मेरी है, मेरी लडकी है. त्यांनी तिला विचारलं, बेटा, तेरा नाम क्या है, ये कौन है तेरी. ती माझ्या पदरात तोंड खुपसून उभी. एक शब्द नाही. एक म्हणाला, इसकी बोली सुनो, ये तो यहाँ की ही नहीं है.

तेव्हा मला पट्टी आठवली. मी स्वतः तिची कॉलर उलटली आणि दाखवली. म्हटलं, देखो, नाम है, नंबर है, लगाओ फोन. एका पोरानं लावला.

फोन वाजला तो खाली पडलेल्या काकांच्या खिशात.

मला वाटलं, आता कळेल या लोकांना. मग मागून एक जण हळूच म्हणाला, "निशान लगा रखा है बच्ची पे."

त्यानंतरचं पोलीस येईपर्यंतचं मी कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

चौकीत एका लेडीज कॉन्स्टेबलनं श्रावणीला माझ्यापासून घेऊन लांबच्या बाकावर बसवलं आणि बिस्किटाचा पुडा दिला. मी म्हटलं, बघा, ती माझ्याकडं हात करतेय. ती बाई वाईट नव्हती. म्हणाली, हात तर ते दुसरं पोरही बुड्ढ्याच्या गळ्यात टाकून होतं ना. मुलगी तुझी असल्याचा कागद दाखव. कागद घरी. यांचा फोन गेटवर. मी त्या बाकाकडं बघत भिंतीला टेकून उभी होते आणि एकच चालू होतं डोक्यात, की आज ही माझी नाही ठरली तर.

त्या पोराची आई आली, पोर घेतलं, साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, या माणसाला मी ओळखत नाही. ती खोटं बोलली नाही.

काकांना दवाखान्यात न्यायच्या आधी साहेबांनी त्यांना श्रावणीबद्दल विचारलं. त्यांचा ओठ फाटलेला, कानातून रक्त येत होतं. तरी त्यांनी सगळं सांगितलं, माझ्यासाठी सांगितलं. पिवळा फ्रॉक, खिशाला बदकाचं चित्र. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन. उजव्या कानामागं तीळ. खालचा एक दात अर्धा. घाबरली की अंगठा नाही, दोन बोटं चोखते. साहेब ऐकत राहिले. मग कॉन्स्टेबलकडं वळून म्हणाले, "इतना तो मुझे अपने बच्चे का नहीं मालूम." आणि काकांकडं ज्या संशयी नजरेनं बघितलं, ती मी विसरणार नाही.

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर निरोप मिळाला, तेव्हा हे कागद घेऊन आले. समोरचा भियाही स्कूटर घेऊन आला होता. आम्हाला सोडलं. श्रावणी माझ्या कडेवर आली आणि तशीच झोपली, तिच्या मुठीत एक बिस्कीट होतं.

काका बरे झाले, म्हणजे जितके व्हायचे तितके. डाव्या कानानं ऐकू येत नाही. हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांनी तक्रार केली नाही. कुणावर करायची, म्हणाले. तिथल्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता. त्यात काका खाली पडलेले आहेत आणि वर लिहिलंय की बच्चाचोर पकडला. आम्ही ज्याला त्याला सांगितलं, हे खोटं आहे, पुसा. तो पुसला जात नाही. दर काही महिन्यांनी फिरून येतो, दरवेळी दुसऱ्याच गावाचं नाव घालून. एकदा तो मागच्या खोलीतल्या नव्या बिऱ्हाडाला आला आणि त्या बाईनं तो मलाच दाखवला. दीदी, हे खालचे अंकलच आहेत ना?

गल्लीतली माणसं वाईट नाहीत. सगळी फळं घेऊन आली. भियानं दवाखान्यात रोज चहा पोचवला, एक दिवस चुकवला नाही. पण हळूहळू पोरांच्या कपड्यांतल्या पट्ट्या निघाल्या. कुणी म्हणालं, धुऊन धुऊन सुटली. कुणी म्हणालं, मानेला टोचते. भियाच्या बायकोनं मला खरं सांगितलं. म्हणाली, काकांवर विश्वास आहे गं, लोकांवर नाही. कुणी कॉलर बघितली आणि काकांनी शिवलेली पट्टी निघाली, तर आम्ही काय सांगणार?

श्रावणीची पट्टी मी काढणार नव्हते. काकांनीच कात्री आणून माझ्यापुढं ठेवली. "काढ बेटा. माझा नंबर आता कामाचा नाही, उलटा पडेल." मी काढली. त्या वेळी ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

आता फाटक उघडंच असतं. लेकरं पळत बाहेर जातात, पळत आत येतात, कुणी विचारत नाही. आयांनी काकांना मुलं दाखवणं बंद केलं, की काकांनी बघणं बंद केलं, कुणी आधी केलं ते मला सांगता येणार नाही. पोरगं अंगणात पडलं तरी ते उठून उचलत नाहीत. खिडकीतून त्याच्या आईला हाक मारतात.

श्रावणी आता बोलते. शाळेत जाते. विचारलं की आपलं नाव, बापाचं नाव, गल्ली, मंदिराची कुठली बाजू, सगळं एका दमात सांगते. हे तिला जत्रेच्या आधी महिनोन्‌महिने काकांनीच पायरीवर बसवून ऐकवलं होतं, ती बोलत नव्हती तेव्हा. तिच्या आत साठत गेलं असणार. एकदा तिनं ते काकांना म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, शाब्बास, जा आता आईकडे जा.

या नवरात्रात मी तिला घेऊन अन्नपूर्णेला गेले. आता ती कडेवर घेण्याएवढी राहिली नाही, तरी मी घेतली. दर्शन करून बाहेर आले तर चपलांच्या स्टँडजवळ माणसं गोल करून उभी. मधे एक पोर. दोन-अडीच वर्षांचं, पायात काही नाही, रडून रडून आवाज बसलेला. गोलात म्हाताऱ्या होत्या, लेकुरवाळ्या बायका होत्या, कॉलेजची पोरं होती. दोघं-तिघं व्हिडिओ काढत होते. कुणाचा आहे, कुणाचा आहे, सगळे विचारत होते आणि पुढं कुणी जात नव्हतं. एक आजोबा सगळ्यांना बजावत होते, कोई हाथ मत लगाना भई, हाथ मत लगाना. ते पोर ज्याच्याकडं हात करी, तो माणूस मागं सरके, गोल मोठा होई.

मी श्रावणीला खाली उतरवलं आणि त्या गोलात जमिनीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर करून, सगळ्यांना दिसतील असे. ये म्हटलं नाही. ते पोर चालत आलं आणि माझ्या पदराचं टोक धरून उभं राहिलं. त्याचा श्वास माझ्या दंडाला लागत होता. मी हात हलवले नाहीत. आजोबा म्हणाले, हाँ बहनजी, ऐसे ही, हाथ मत लगाना.

बऱ्याच वेळानं त्याचे वडील आले. त्यांनी पोराच्या आधी माझे हात बघितले.

घरी आल्यावर हे कुणाला सांगायचं? काका पायरीवर बसले होते. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून मी सगळं सांगितलं. पोरानं काय घातलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. संपल्यावर म्हणाले, "हात तर नाही ना लावलास?"

मी म्हटलं, नाही लावला.

"चांगलं केलंस बेटा."

मग ते उठले, भिंत धरून दारापर्यंत गेले, आणि तिथं उभे राहून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "खूप रडत होता का?"

"हो काका," मी म्हटलं. "खूप."